पहिल्या सेमनंतर पोरं गुपचूप गळतात, त्यांना शेवटपर्यंत धरून ठेवायला तुमच्याकडे काय करतात?

सुरंगी
मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहायला बसलेय. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, बारा वर्षं झाली. विषय तसा माझ्या टेबलचा नाही, पण महिनाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून मांडते.

गेल्या जूनमध्ये एफवाय बीकॉमला एक मुलगी आली. तिच्या वाडीवरची एसटी सातला पोचायची आणि लेक्चर आठला, त्यामुळे मी कुलूप काढायच्या आधीच ती पायरीवर बसलेली असायची, आत आली की स्वतःच पंखा लावायची आणि खिडकीजवळची ती एकच खुर्ची पकडायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. बोलायची कमी पण जाताना रोज "येते मॅडम" म्हणायची. जानेवारीत पहिल्या सेमचा निकाल लागला आणि मग ती दिसेना. मला वाटलं बसची वेळ बदलली असेल. एप्रिलमध्ये पुस्तकांची मोजणी काढली तेव्हा अकाउंट्सचं एक पुस्तक तिच्या नावावर निघालं म्हणून घरी फोन लावला, तर आई म्हणाली, "ती आता काजूच्या फॅक्टरीत जाते, दोन विषय गेले ना तिचे, कॉलेजातनं नाव कमी केलं."

कोणी नाव कमी केलेलं नव्हतं हो. दोन विषय राहिले तर एटीकेटी असते, पहिल्या सेमला विषय राहिले तरी दुसऱ्या सेमला बसता येतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही आणि तिने कोणाला विचारलं नाही. नोटीस बोर्डावर एटीकेटी फॉर्मची तारीख लावलेली होती, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण टाकली होती, म्हणजे आमच्या बाजूने सगळं झालेलं होतं. तीन महिने एक मुलगी येत नाही आणि अख्ख्या कॉलेजातून तिला गेलेला पहिला फोन पुस्तकासाठी होता, हे मला फार लागलंय.

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळं करतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ पासून दीक्षारंभ म्हणून स्वागताचा कार्यक्रम करायला सांगितलाय, तो होतो, गुलाबाचं फूल देतो, लायब्ररी दाखवतो, मेंटॉर म्हणून सरांचं नाव पण देतो. त्यानंतर एकदम तिसऱ्या वर्षाच्या निरोप समारंभाला पोरं आठवतात. मधल्या काळाचं काय? तुमच्याकडे, तुमच्या वेळी, तुमच्या मुलांच्या कॉलेजात काय करतात ते सांगा. आणि जे घरी बसून ऑनलाइन किंवा मुक्त विद्यापीठातून शिकतायत त्यांच्याकडे कोण बघतं तेही सांगा, कारण ते तर आम्हाला दिसतही नाहीत.

---

खाडीपलीकडचा
मंगळवार, रात्री ११:०५

वाचून गलबललं. मी गुहागर तालुक्यातला, आता पुण्यात नोकरीला. बारावीनंतर मुंबईला शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेल मिळालं नाही, परळला आमच्या गावकीची खोली होती तिथे राहिलो. एका खोलीत बारा-चौदा जण, पाळीने झोपायचं, पण त्या खोलीत शेजारच्या गावचा एक दादा होता, माझ्याच कॉलेजात टीवायला. त्या माणसाने मला काय दिलं हे आता कळतं. कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे जुने पेपर मिळतात, कुठल्या सरांना वर्गात प्रश्न विचारला तर चालतो आणि कोणाला केबिनमध्ये जाऊन विचारायचा, फॉर्मवर कुठे सही लागते, मेसचे पैसे संपले की कोणाकडे जायचं, सगळं. इंग्रजीतलं पहिलं लेक्चर ऐकून मी रात्री बॅग भरली होती, उद्या सकाळी सुटणारी गाडी पकडतो म्हणून. तो काही बोलला नाही, नुसता सोबत चालत लालबागपर्यंत आला, चहा पाजला आणि म्हणाला माझी पण बॅग भरलेली होती, दिवाळीपर्यंत थांब मग जाऊया. दिवाळीत मी गावी गेलो ते सुट्टीला.

मला वाटतं मेंटॉर म्हणून प्राध्यापकाचं नाव देण्यापेक्षा त्याच बाजूच्या गावचा एक सिनियर जोडून द्यावा. पोरगं सरांना सांगत नाही ते त्याला सांगतं. खर्च शून्य.

---

तांबडी_माती
बुधवार, सकाळी ७:४०

मी कॉलेजच्या ऑफिसात बसतो, शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे. ताईंनी लिहिलंय ते खरं आहे आणि आमची बाजू पण सांगतो, हजारभर पोरांमागे आम्ही दोघं आहोत. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीवर रांग असते तेव्हा समोर कोण उभं आहे याचा चेहरा पण दिसत नाही, नुसता हात आणि कागद दिसतो.

पण मुलं कुठे अडकतात ते मला रोज दिसतं म्हणून लिहितो. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म पहिल्या वर्षी सगळे भरतात, आईबाप सोबत येतात, सायबर कॅफेवाला भरून देतो. दुसऱ्या वर्षी तोच फॉर्म रिन्यू करायचा असतो हे निम्म्यांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं एकदा मंजूर झाली म्हणजे तीन वर्षं येत राहील. नाही येत. दरवर्षी रिन्यू करावी लागते. दुसरं, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, नवीन काढायला जूनमध्ये तहसीलला जत्रा असते, म्हणून आत्ता मे महिन्यातच काढून ठेवा, मी वर्गावर्गात जाऊन सांगतो. आणि तिसरं सगळ्यात वाईट, पैसे मंजूर होतात आणि खात्यात दिसत नाहीत, पोरगं वर्षभर म्हणतं आली नाही आली नाही. ते पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आईने कधीतरी मुलाच्या नावाने दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, आधार तिकडे जोडलं, पासबुक ट्रंकेत, आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडलेली. मी स्वतः एका मुलाला घेऊन बँकेत गेलो होतो, बघितलं तर दोन वर्षांची रक्कम जशीच्या तशी होती. तो मुलगा त्या दोन वर्षांत सुट्टीत आंब्याच्या पेट्या भरायला जात होता फीसाठी.

उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरापासून लांब राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांना स्वाधार आहे, आणि २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, वाचून भरा. योजना आहेत हो. त्या पोरापर्यंत कोणी माणूस घेऊन जात नाही, तिथे सगळं थांबतं.

---

पालवाची_होडी
बुधवार, दुपारी १:२०

सुरंगीबाय, तुमी लिवलास ता वाचून पोटात कालवला. माझो झिल दुसऱ्या वर्षाक आसा, मालवणासून कुडाळाक येता-जाता करता. आमचो धंदो मासेमारीचो. १ जून ते ३१ जुलै बंदी, होडी किनाऱ्यार, घरात पैसो नाय. आणि कॉलेजाची फी भरूची तारीख नेमकी जून-जुलैतच येता. गेल्या वर्साक मी हापिसात जावन सांगलंय, ऑगस्टात म्हावरा गावला काय भरतंय, तर थयल्या बाईन तीन हप्ते करून दिल्यान. एक कागद लिवन घेतल्यान, बस. तेवढ्यान झिलाचा वरीस वाचला. किनाऱ्यावरच्या सगळ्या कॉलेजांनी ह्यां केला तर किती पोरां ऱ्हवतीत बघा.

---

जुनी_वही
बुधवार, दुपारी ३:५५

मी निवृत्त प्राध्यापक, ३१ वर्षं शिकवलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. कॉलेज म्हणजे शाळा नव्हे. अठरा वर्षांच्या मुलाला रोज फोन करून का नाही आलास विचारायला लागलो तर तो स्वतः उभा कधी राहणार? आम्ही दापोलीहून, मंडणगडहून आलेली मुलं बघितली आहेत जी कंदिलावर अभ्यास करून पुढे गेली, त्यांच्यामागे कोणी नव्हतं. नोटीस वाचणं, तारीख पाळणं, चौकशी करणं हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे. आपण सगळं ताटात वाढून दिलं तर नोकरीत गेल्यावर त्यांचं कसं होईल याची मला मनापासून काळजी वाटते.

---

शेवटची_एसटी
बुधवार, रात्री ९:१८

सर, मी आत्ता एसवाय बीएस्सीला आहे, संगमेश्वर तालुक्यातली. तुमच्याशी वाद घालायला नाही लिहीत पण माझा दिवस सांगते.

घरून पावणेसहाला निघते, दोन किलोमीटर चालत फाट्यावर, तिथून एसटी. पास आहे, एक तृतीयांशच पैसे लागतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. परतीची शेवटची गाडी सव्वापाचला. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल पाचला संपतं आणि स्टँड कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर. म्हणजे प्रॅक्टिकल पूर्ण केलं तर गाडी चुकते आणि गाडी पकडली तर जर्नलवर सही राहते. पहिल्या वर्षी मी तीन महिने रडत रडत पळत होते, बीकर धुवायचा राहून जायचा आणि लॅब असिस्टंट दुसऱ्या दिवशी बोलायचे. मग एका मॅडमनी एक दिवस विचारलं की तू रोज एवढी घड्याळाकडे का बघतेस. मी सांगितलं. त्यांनी माझी बॅच बदलून सकाळची केली. झालं, एवढंच. वर्षभराचा त्रास एका वाक्यात गेला. मला कोणी उचलून न्यायला नको होतं सर, मला नोटीस पण वाचता येते, पण बॅच बदलता येते हे कुठल्या नोटिशीत लिहिलेलं नव्हतं आणि ते मागायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

आणि ऑनलाइनचं सांगते कारण ताईंनी विचारलंय. आमच्याकडे घरात रेंज नाही, मागच्या दारी काजूच्या झाडाखाली दोन दांड्या येतात. पावसात तिथे उभं राहता येत नाही, मग फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाडाच्या बेचक्यात ठेवायचा आणि हॉटस्पॉटने आत पडवीत दुसऱ्या फोनवर बघायचं, असं मी आणि भाऊ करतो. सर लोक चाळीस एमबीची पीडीएफ पाठवतात, फळ्याचे फोटो काढून, ती उतरेपर्यंत लाइट जाते. तेच पानं टाइप करून पाठवली किंवा पाच मिनिटांची व्हॉइस नोट टाकली तर लगेच येते. असाइनमेंटची वेळ रात्री १२ ची ठेवतात, का ठेवतात माहीत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवली तर आम्ही कॉलेजच्या वायफायवरून भरू शकतो. लाइव्ह लेक्चर चुकलं तर रेकॉर्डिंग ठेवा. 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स मी केलाय, तिथे व्हिडिओ नंतर कधीही बघता येतात म्हणून जमला, परीक्षेला तेवढं केंद्रावर जाऊन आले.

---

जुनी_वही
बुधवार, रात्री १०:०२

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. बॅच बदलायला आली असती तर मीही एका मिनिटात बदलली असती. पण तू आली नसतीस आणि मीही विचारलं नसतं, हे खरं आहे. किती जणांना विचारलं नसेल कोण जाणे.

---

अंगणवाडी_ताई
गुरुवार, सकाळी ११:३०

मी वय वर्षं ३६, राजापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, दुसरं वर्ष. सुरंगीताई, आम्ही दिसत नाही म्हणालात ते अगदी खरं. पुस्तकं हातात आली, अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्र, बाकी आपण आणि आपलं पुस्तक. सकाळी पोषण आहार, दुपारी सर्वे, संध्याकाळी घरचं, रात्री साडेदहाला पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळा लागतो. पहिल्या वर्षी मी डिसेंबरमध्येच सोडून दिल्यात जमा होतं.

त्यात घरची मंडळी, भावकी, सगळे म्हणत होते ही डिग्री कुठे चालत नाही. हे मनाला फार खातं, रात्रीची झोप मोडून शिकायचं आणि ते चालणारच नाही म्हटलं तर कशाला. मग अभ्यासकेंद्राच्या सरांनी यूजीसीचं सप्टेंबर २०२२ चं पत्रक मोबाइलवर दाखवलं, मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरायची असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी त्याची प्रिंट काढून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलीय, कोणी काही बोललं की दाखवते.

पण धरून ठेवलं ते आमच्या नऊ जणींनी. संपर्कसत्राला भेटलेल्या आम्ही नऊ बायका, कोणी आशाताई, कोणी बचतगटातली, एक जण तर तिच्या सुनेबरोबर शिकतेय. दर गुरुवारी रात्री नऊला व्हॉट्सअॅप कॉल. प्रत्येकीने एकच धडा वाचून यायचा आणि बाकीच्यांना आपल्या भाषेत सांगायचा. मला अर्थशास्त्रातला मागणीचा नियम कळत नव्हता, तर लांज्याच्या ताईने सांगितलं, एप्रिलमध्ये पेटी पाच हजाराला असते तेव्हा आपल्या दारात किती गिऱ्हाईक आणि मेमध्ये दर उतरला की किती, तेवढंच आहे ते. परत पुस्तक बघावं लागलं नाही. एखादी दोन गुरुवार आली नाही की तिच्या घरी ज्या जवळ राहतात त्यांनी जाऊन यायचं असं ठरलेलं आहे. नवापैकी नऊ दुसऱ्या वर्षाला आलो.

विद्यापीठाने असे गट सुरुवातीलाच बांधून दिले, तालुक्याप्रमाणे, तर कितीतरी जणी राहतील. आम्हाला योगायोगाने सापडल्या.

---

वाशिष्ठीकाठ
गुरुवार, दुपारी ४:१०

मी समुपदेशनाचं काम करते, चिपळूणच्या बाजूला. दोनतीन गोष्टी सांगायच्यात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी मुलांची पुस्तकं, मार्कशीट, लॅपटॉप गेले. त्या महिन्याभरात मुलं चिखल काढत होती, जोरात होती. मदतही भरपूर आली, वह्या आल्या, दप्तरं आली. माझ्याकडे मुलं यायला लागली ती दिवाळीनंतर. एक मुलगा पाऊस लागला की वर्गातून उठून जायचा आणि गॅलरीत उभा राहून नदीच्या दिशेला बघायचा, सरांना वाटायचं टिंगल करतोय. तोपर्यंत मदत करणारे सगळे परत गेले होते. म्हणून या धाग्याचं शीर्षक मला फार पटलं, आपली सगळी मदत सुरुवातीला एकदम होते आणि गरज मागाहून हळूहळू वर येते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे पण हेच झालं असं तिकडचे शिक्षक सांगतात, आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती आणि त्याच काळात सगळं शिक्षण ऑनलाइन गेलेलं.

सुरंगीताई, तुम्ही घरी केलेल्या फोनचं लिहिलंत म्हणून एक कळकळीची विनंती. पहिला फोन घरी करू नका, विद्यार्थ्याला करा. मुलगी कॉलेजला येत नाही असं घरी कळलं की कधी कधी उद्यापासून तिचं जाणंच बंद होतं, लग्नाचं बघायला लागतात. आधी तिच्याशी बोला. आणि का आली नाहीस असं विचारू नका, तो जाब वाटतो. जेवलीस का, झोप लागते का, कोणाबरोबर येतेस-जातेस, असं साधं विचारा, मग खरी गोष्ट आपोआप निघते.

ज्यांना माणसासमोर बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर नोटीस बोर्डावर लावण्यापेक्षा आयकार्डच्या मागे छापा. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायलाच हवा. आपल्या तालुक्याच्या कॉलेजांनी याची वाट न बघता दोनचार कॉलेजं मिळून एक जण ठेवला तरी सुरुवात होईल, आठवड्यातून एक दिवस एका ठिकाणी. मी स्वतः यायला तयार आहे.

---

कानाने_वाचतो
गुरुवार, रात्री ८:४५

मला दिसत नाही, एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे, सावंतवाडीकडचा. मी कॉम्प्युटर एनव्हीडीए लावून ऐकत वाचतो, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं आणि मराठी पण वाचतं. पण दोन गोष्टींना ते काही करू शकत नाही. एक, फोटो काढून केलेली पीडीएफ, ती माझ्यासाठी कोरं पान असतं. दुसरं, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स. पंधरा वर्षांपूर्वीच्या नोट्स सर जशाच्या तशा पाठवतात, डोळ्यांना मराठी दिसते पण ती युनिकोड नसते, मला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ऐकू येतात. सेमिस्टरभर मी असं ऐकून मग मित्राला वाचून दाखवायला बसवतो. त्या सरांनी एकदा डोळे मिटून स्वतःच्या नोट्स माझ्या हेडफोनवर ऐकल्या, दुसऱ्या दिवसापासून युनिकोडमध्ये पाठवायला लागले.

लेखनिक आणि जादा वेळ हा हक्क आहे, तासाला किमान २० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास. परीक्षेच्या दिवशी सकाळी लेखनिक शोधायला लावू नका, सेमच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. मला एका सेमला लेखनिकाला माझा विषयच माहीत नव्हता, प्रत्येक संज्ञा अक्षर अक्षर सांगत होतो. आणि "शेवटची एसटी" म्हणतेय ते टाइप केलेल्या नोट्सचं, ते तिच्या रेंजसाठी आणि माझ्या कानासाठी दोन्हीला चालतं, म्हणून सर लोकांनी हे एवढं तरी कराच.

---

तांबडी_माती
गुरुवार, रात्री ९:५०

सुरंगीताई, काल घाईत लिहिलं, मुख्य गोष्ट राहिली. त्या मुलीचं काही संपलेलं नाही! तिने पहिल्या सेमला जे विषय सोडवलेत त्यांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, तिच्या खात्यात जमा आहेत. अॅडमिशनच्या वेळी एबीसी आयडी काढलेला असणार, अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, तो बारा आकडी. त्यातली क्रेडिट ७ वर्षांपर्यंत राहतात. दोन विषय राहिलेत त्यांचा एटीकेटी फॉर्म पुढच्या वेळी भरता येईल, दुसऱ्या सेमचं नक्की किती राहिलंय ते तुमच्या परीक्षा विभागात बसून बघा, आणि जूनमध्ये तिला घेऊन या. शिष्यवृत्तीचं मी सांगतो काय करायचं ते, ८ लाखांच्या आत असणारच. ऑफिसमध्ये कोणी उडवून लावलं तर तक्रार निवारण समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी, २०२३ चा यूजीसीचा नियम आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ येणार नाही, नीट समजावून सांगितलं की माणूस ऐकतो.

तिला सांगा नाव अजून रजिस्टरला आहे. ह्या एका वाक्यानेच मुलं परत येतात, मी बघितलंय.

---

खाडीपलीकडचा
गुरुवार, रात्री ११:२०

तांबडी माती, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक खिडकीवर असायला हवा होता. मी ज्या दादाचं लिहिलं त्याला आज फोन केला, सतरा वर्षांनी. तो आता दाभोळला असतो. त्याला ती बॅगेची गोष्ट आठवत पण नव्हती.

आमच्या गावची, पंचक्रोशीची म्हणून दहाबारा मुलं सध्या मुंबई-पुण्यात शिकतायत, त्यांची यादी करायला घेतलीय आणि प्रत्येकाला एक नोकरीतला माणूस जोडून द्यायचा, महिन्यातून एकदा जेवायला घरी न्यायचं. एवढंच. गणपतीत सगळे गावी येतातच तेव्हा प्रत्यक्ष बसू.

---

सुरंगी
रविवार, संध्याकाळी ७:३५

इतके दिवस काही लिहिलं नाही कारण आधी जाऊन यायचं होतं. वाशिष्ठीकाठ, तुमचं वाचलं आणि हात कपाळाला लावला, मी पहिला फोन घरीच केला होता. म्हणून यावेळी तिला फॅक्टरी सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर भेटले. पाचला बायका बाहेर पडल्या, ती सगळ्यात मागे. काजूच्या टरफलाच्या चिकाने दोन्ही हातांची बोटं काळी झालेली, मला बघून तिने हात ओढणीत लपवले. मी काही विचारलं नाही, चहा घेतेस का म्हटलं, समोरच्या टपरीवर बसलो.

बराच वेळ ती चहाच्या ग्लासकडेच बघत होती. मग मी सांगितलं नाव अजून रजिस्टरला आहे. ती म्हणाली कसं शक्य आहे, मैत्रिणी म्हणाल्या नापासांना काढतात. मी तांबडी माती यांची पोस्टच वाचून दाखवली, एबीसीचा आयडी तिच्या मोबाइलमध्ये डिजिलॉकरला निघाला, बारा आकडे. तिने ते दोनदा मोजले.

लगेच हो म्हणाली नाही. फॅक्टरीत रोजचे पैसे मिळतात आणि धाकटा भाऊ दहावीला गेलाय. आई म्हणते आता गणपती होऊदेत, मग बघू. मी म्हटलं प्रवेश जूनमध्येच होतो, गणपतीपर्यंत तारीख थांबत नाही, पण फी हप्त्याने भरता येईल का ते मी प्राचार्यांना विचारते, पालवाची होडी यांनी लिहिलंय तसा कागद लिहून. सोमवारी विचारणार आहे. सकाळची लेक्चर करून दुपारी फॅक्टरीत अर्धी पाळी मिळते का ते ती विचारणार आहे. निघताना म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक माझ्याकडेच आहे, दंड किती झाला?" मी म्हटलं आणू नकोस, तुझ्याकडेच ठेव, एटीकेटीला लागेल.

कॉलेजातलं सांगायचं तर, मी एक वही घातलीय. लायब्ररीत पोरं सही करतात, ती सही दोन आठवडे दिसली नाही की शुक्रवारी दुपारी त्या मुलाला माझा फोन, पुस्तकासाठी नाही. आत्ता सुट्टी आहे म्हणून एफवायच्या निकालात विषय राहिलेल्यांची यादी घेऊन बसलेय, सत्तावीस जण आहेत, काल-आज मिळून अकरा जणांशी बोलले. त्यातल्या चौघांना आपलं नाव कमी झालंय असंच वाटत होतं. चौघांना!

एक मदत हवी होती. ती मुलगी माझ्याशी बोलते पण मॅडम म्हणून जपून बोलते. तिच्या वयाचं कोणी, जी रोज एसटीने जातेयेते, अशी कोणी तिच्याशी बोलली तर बरं होईल. मी तिला विचारलंय, नंबर द्यायला ती तयार आहे.

---

जुनी_वही
रविवार, रात्री ८:१०

मॅडम, उरलेल्या सोळांपैकी आठ जणांना मी फोन करतो. अकाउंट्स आणि इंग्रजी कोणाचं राहिलं असेल तर सुट्टीत रोज सकाळी एक तास घेईन, माझ्या पडवीत किंवा फोनवर, ज्याला जसं जमेल तसं. फी नाही. वाशिष्ठीकाठ यांनी लिहिलेले प्रश्न वहीत उतरवून घेतलेत.

---

शेवटची_एसटी
रविवार, रात्री ८:३२

ताई मी बोलते तिच्याशी. नंबर मला पाठवा, आज रात्रीच काजूच्या झाडाखाली जाऊन लावते.

---

सुरंगी
रविवार, रात्री ८:४०

व्यनि (खाजगी निरोप) केलाय बघ. आज नको, ती साडेआठला झोपते, पहाटे उठून पाणी भरायचं असतं. उद्या संध्याकाळी सहानंतर कर, पाचला तिची फॅक्टरी सुटते.